शंका-समाधान: ग्रॅनाइट आणि चुंबक

प्रश्न: आमच्या परिसरातील ग्रॅनाइटच्या काही तुकड्यांकडे दोऱ्याला टांगलेला चुंबक ओढला जातो, तर काहींजवळ तो हलतही नाही. दिसायला तुकडे सारखेच आहेत. यावरून ग्रॅनाइटचे प्रकार ठरवता येतात का?
– एक वाचक, देगलूर

उत्तर: ठरवता येतात. जपानी भूवैज्ञानिक शुन्सो इशिहारा यांनी १९७७ मध्ये ग्रॅनाइटी खडकांची मॅग्नेटाइट (चुंबकाकडे जोराने ओढले जाणारे लोहाचे ऑक्साइड) श्रेणी आणि इल्मेनाइट (लोह व टायटॅनियमचे क्षीण चुंबकीय ऑक्साइड) श्रेणी अशी विभागणी मांडली, तिचा पाया हाच आहे. ग्रॅनाइटमध्ये मुख्यत्वे असणारी क्वार्ट्ज आणि फेल्स्पार ही खनिजे चुंबकाला दाद देत नाहीत आणि कृष्णाभ्रकाचा प्रतिसादही क्षीण असतो. त्यामुळे सारा फरक मॅग्नेटाइटच्या बारीक कणांमुळे पडतो, आणि त्यांचे प्रमाण मॅग्नेटाइट श्रेणीतही साधारण ०.१ ते २ टक्केच असते. क्षेत्रकामात खडकाची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात तो किती चुंबकित होतो याचे माप, हातात मावणाऱ्या मापकाने मोजतात. एसआय पद्धतीत ती सुमारे ०.००३ पेक्षा अधिक भरली, तर खडक मॅग्नेटाइट श्रेणीतला मानतात.

या वर्गीकरणाचे खरे मोल मात्र मापनात नसून त्यामागच्या कारणात आहे. शिलारस ऑक्सिडीकृत असेल, तर त्यातील लोहापासून मॅग्नेटाइट तयार होते. उलट तो वर चढताना किंवा वितळून निर्माण होतानाच त्यात सेंद्रिय कार्बन असलेला गाळाचा खडक मिसळला, तर कार्बनमुळे त्याचे क्षपण होते, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि मॅग्नेटाइटऐवजी थोडे इल्मेनाइट तेवढे उरते. याच स्थितीवर कथिलाचे भवितव्यही अवलंबून असते. क्षपणित शिलारसात कथिल आधी घडणाऱ्या खनिजांत सहसा शिरत नाही, त्यामुळे ते शेवटच्या द्रवात साठत जाते. म्हणूनच मलाय द्वीपकल्पातील कथिलाचे साठे प्रामुख्याने इल्मेनाइट श्रेणीच्या ग्रॅनाइटशी निगडित आहेत. नैर्ऋत्य जपानमध्ये तर जपान समुद्राकडील सान-इन पट्ट्यात मॅग्नेटाइट श्रेणी व मॉलिब्डेनम, आणि दक्षिणेकडील सान-यो पट्ट्यात इल्मेनाइट श्रेणी व टंगस्टन, अशी विभागणी नकाशावरच दिसते.

चॅपेल आणि व्हाइट या भूवैज्ञानिकांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील खडकांवरून मांडलेले ‘आय’ (अग्निजन्य खडक वितळून झालेले) आणि ‘एस’ (गाळाचे खडक वितळून झालेले) हे ग्रॅनाइटचे प्रकार याच्याशी तंतोतंत जुळत नाहीत. ‘एस’ प्रकारचे ग्रॅनाइट बहुधा इल्मेनाइट श्रेणीत मोडतात, पण ‘आय’ प्रकारचे दोन्हींत आढळतात.

आपल्या तुकड्यांबाबत लगेच निष्कर्ष काढू नये. हवापाण्याने मॅग्नेटाइटचे हेमॅटाइट होते आणि मॅग्नेटाइट श्रेणीतला खडकही निष्प्रभ भासू लागतो, म्हणून ताजा फोडलेला पृष्ठभागच तपासावा, तोही एकाच उघड्या खडकावर अनेक ठिकाणी. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा ‘काळा ग्रॅनाइट’ या तुलनेत घेऊ नये. तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो हा वेगळाच गडद अग्निजन्य खडक असतो, आणि त्याला ०.००३ ची ही सीमारेषा लागू पडत नाही.