बोअरला पेट्रोलचा वास: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या बोरिंगपासून जवळच पेट्रोल पंप आहे. मे महिन्यात पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, पाऊस लागला की जातो. तपासणीत पाणी ठीक निघालं. अहवाल खरा मानायचा का? तोवर पाणी उकळून प्यावं का?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर: उकळू नका. बेंझीन 80 अंशांनाच उकळतं. ते पाण्यातून निघून स्वयंपाकघरात पसरतं आणि श्वासावाटे पोटात नाही तरी फुप्फुसात जातंच. पिण्या-रांधण्याला तूर्त नर्मदेचं पाणी वापरा. बोअरचं पाणी अंघोळीलाही नको.

अहवालात बेंझीन, टोल्यूइन, इथिलबेंझीन आणि झायलीन ही चार नावं आहेत का पाहा. बहुधा नसतील. नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, जिवाणू पाहतात. पेट्रोल कोणी शोधलेलंच नसतं. ‘खनिज तेल’ मर्यादेत आहे एवढ्यावरही थांबू नका. भारतीय मानक 10500 प्रमाणे तेलाची मर्यादा लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बेंझीनसाठी 0.01 मिलिग्रॅम सुचवले आहेत, म्हणजे 50 पट कडक. आणि नाकावर भिस्त ठेवू नका. बेंझीनचा पाण्यातला वास लिटरला साधारण 10 मिलिग्रॅमपाशी जाणवतो. तोवर मर्यादा हजार पटींनी ओलांडलेली असते.

पावसाने वास जातो, पेट्रोल जात नाही. उन्हाळ्यात पातळी उतरते तसं तरंगतं पेट्रोलही खाली सरकतं आणि वाटेतल्या मुरमाला, फटींना माखून राहतं. पावसाळ्यात पाणी वर चढलं की हा माखलेला थर बुडतो आणि मिसळणारं पाणी वाढतं, एवढंच.

शिवाय घरचा बोअर ही निरीक्षण विहीर, म्हणजे फक्त पातळी मोजायला आणि नमुने घ्यायला खोदलेली विहीर, नव्हे. केसिंग वरच्या मातीपुरतं, खाली उघडा पाषाण. सबमर्सिबल तळाशी बसवलेला असतो आणि सगळ्या फटींचं पाणी एकत्र ओढतो; वरचा घाण थर त्यात विरळ होतो. असा उघडा बोअर वरचं पेट्रोल खालच्या फटींपर्यंत पोहोचवणारी वाटही होतो. म्हणून पेट्रोल पंपाच्या बाजूला वेगळ्या निरीक्षण विहिरी घेण्याचा आग्रह धरा. त्यासाठी लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, सोबत वास येतो त्या दिवसांच्या तारखा जोडा.

प्रश्न: माळव्याच्या काळ्या पाषाणात अशा विहिरी किती खोल घ्याव्यात?
(एक स्थापत्य अभियंता)

उत्तर: खोलीपेक्षा खाचांचा पाइप कुठे येतो याकडे लक्ष द्या. पेट्रोल तरंगतं, म्हणून खाचा पाण्याच्या पातळीच्या वरही हव्यात आणि खालीही. पाणी चढून खाचा पूर्ण बुडाल्या तर पेट्रोल वरच्या बिनखाचांच्या पाइपाबाहेर अडतं आणि विहीर स्वच्छ दिसते. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. मे आणि नोव्हेंबरमधल्या पातळीत काही मीटरचा फरक असतो. त्यावर एकच लांबलचक खाचांचा पाइप टाकला तर पाणी मिसळून नमुना पातळ होतो. शेजारी-शेजारी दोन विहिरी घ्या, एक उन्हाळी पातळीसाठी, एक पावसाळी. प्रत्येकीला सुमारे 3 मीटर खाचा.

पाइप 50 मिलिमीटरचा, आट्यांचा. सोल्युशन लावून जोडू नका, त्यातली द्रावणं नमुन्यात उतरतात. खाचांभोवती धुतलेली वाळू खाचांच्या अर्धा मीटर वरपर्यंत भरा, त्यावर निदान 60 सेंटिमीटर बेंटोनाइट (पाण्याने फुगून भोक बंद करणारी माती), मग सिमेंटचं पातळ मिश्रण. काळी माती उन्हाळ्यात खोल भेगाळते आणि सांडलेलं इंधन थेट पाइपालगत उतरतं. म्हणून वरचं सिमेंट भेगांच्या खालपर्यंत न्या आणि तोंडाशी बाहेर उतार असलेला ओटा करा. हवेच्या दाबाने खोदणाऱ्या यंत्राच्या कॉम्प्रेसरचं तेल भोकात जातं, तेव्हा गाळणी बसवून घ्या. विहीर उपसून साफ केल्यावरही नमुन्याआधी आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या.

जमिनीतलं पाणी कोणीकडे वाहतं हे काढायला निदान तीन ठिकाणी विहिरी लागतात; त्या एका रेषेत नकोत, त्रिकोणात हव्यात, नाहीतर उताराची दिशा निघत नाही. पातळी पाइपाच्या काठावरल्या खुणेपासून मोजा. समजा पेट्रोल 8.42 मीटरवर लागलं आणि पाणी 8.72 वर. पेट्रोलचा थर 0.30, त्याची घनता सुमारे 0.74, म्हणून पाण्याची खरी पातळी 8.72 वजा 0.22 (0.30 गुणिले 0.74), म्हणजे 8.50 मीटर. हा हिशेब चुकला की दिशाही चुकते. त्यातही पाषाणात पाणी फटीच्या दिशेने जातं. त्रिकोण दक्षिण दाखवत असला तरी जवळच्या नाल्याच्या बाजूला चौथी विहीर हवीच.

प्रश्न: नमुना कसा भरावा?

उत्तर: सर्वात स्वच्छ विहिरीपासून सुरुवात, सर्वात घाण शेवटी. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. त्यात पेट्रोल ओतलेल्या हातांनी बाटली धरू नका. ज्या विहिरीत थर तरंगतो आहे तिथे फक्त जाडी मोजा.

पंप सावकाश चालवा, मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर; पातळी 10 सेंटिमीटरहून जास्त खाली जाऊ नये. दर 3 ते 5 मिनिटांनी वाचन घ्या. लागोपाठ तीन वाचनांत सामू 0.1 च्या आत, विद्युतवाहकता 3 टक्क्यांच्या आत आली की भरायला घ्या. बादलीभर उपसून ‘ताजं पाणी’ म्हणणं पुरत नाही.

कुपी 40 मिलिलिटरची, टेफ्लॉनच्या पडद्याच्या बुचाची. पाणी कडेने, बुडबुडे न करता, तोंडावर फुगवटा येईपर्यंत. बूच लावून उलटी करा, टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती कुपी टाकून दुसरी भरा. कुपीत आम्ल असेल तर नमुना 14 दिवस टिकतो. पण माळव्याचं कठीण पाणी आम्लाने फसफसू शकतं आणि त्या वायूबरोबर बेंझीन उडतं. तसं दिसलं तर आम्लाविना भरा, 4 अंशांवर ठेवा आणि 7 दिवसांत तपासून घ्या. प्रयोगशाळेतून निघालेली शुद्ध पाण्याची एक बंद कुपी त्याच पेटीत जाऊ-येऊ द्या. त्यातही बेंझीन निघालं, तर ते विहिरीतलंच असं म्हणता येणार नाही. नमुने पुन्हा घ्या.