मोटरची भोकं दरवेळी एका बाजूला का पळतात?

प्रश्न: सर, जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, केळीच्या खोडातून धागा काढायच्या मशीनच्या फ्रेमा, बेसप्लेटा बनवतो. फ्रीकॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) मी घरीच शिकलो. मोटरच्या चार भोकांचं एक स्केच करून ठेवलंय, तेच प्रत्येक फाईलीत कॉपी करतो. परवा गिऱ्हाईकाने प्लेट २०० ऐवजी २४० रुंद मागितली, मी आकडा बदलला आणि फाईल लेझर कटिंगला पाठवून दिली, प्लेट आली तर भोकं २० मिलिमीटर एका बाजूला. वडील प्लेट हातात धरून म्हणाले, "हाई काय व्हयनं?" स्केच तर पूर्ण हिरवं होतं, मग चुकलं कुठं?

उत्तर: भाऊ, तुम्ही पाठवलेलं चित्र नीट बघितलं. तुमचं पहिलं भोक प्लेटच्या डाव्या कडेपासून ३० वर बांधलेलं आहे. ९० फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे मोटरचा ठरलेला आकार) मोटरच्या पायाच्या भोकांमधलं आडवं अंतर १४०, म्हणून २०० च्या प्लेटवर दोन्हीकडे ३०-३० उरतात आणि सगळं बरोबर दिसतं. प्लेट २४० झाली की डावीकडे ३० च राहतात आणि उजवीकडे ७०. हिरवं झालं म्हणजे आता काही हलत नाही एवढंच, ते मधोमध आहे की नाही हे तो रंग सांगत नाही.

नवीन स्केच काढा आणि त्यात प्लेट आणूच नका. आधी कन्स्ट्रक्शन रेषांचा (फक्त मदतीच्या, कापल्या न जाणाऱ्या) एक आयत काढा, बाजू आडव्या-उभ्या करा. आता त्याला चार गोष्टींची मोकळीक उरते, रुंदी, उंची आणि आडवं-उभं सरकणं. समोरासमोरचे दोन कोपरे, म्हणजे कर्णाची दोन टोकं निवडा, मग ओरिजिन (दोन अक्ष छेदतात तो बिंदू) निवडा आणि सिमेट्रिक (दोन्हीकडे सारखं अंतर ठेवणारी खूण) लावा. सरकणं संपलं, राहिली फक्त दोन मापं, १४० आणि १०० (९०एस मोटरसाठी, एस म्हणजे आखूड, एल म्हणजे लांब). मग चार वर्तुळांचे मध्य चार कोपऱ्यांवर बसवा, चौघांना इक्वल करा आणि एकालाच व्यास द्या, १०. बस, तीन आकड्यांत सगळं स्केच बांधलं गेलं.

त्या तीन आकड्यांना नावं द्या. ९०एल आली तर १०० चे १२५ करा, ८० फ्रेमला १२५ आणि १००, १००एल ला १६० आणि १४० आणि भोक १२. रुंदीचा आकडा बदलला की दोन्ही बाजू सारख्याच सरकतात, हे एकदा करून बघाच, मला आजही बघायला आवडतं. प्लेटचा आयतसुद्धा असाच ओरिजिनभोवती काढा, मग ती २४० होवो की ३००, भोकं मधोमधच राहणार.

एक गोष्ट मी फार वेळा बघितली आहे, स्केच हिरवं होत नाही म्हणून लोक ब्लॉक किंवा लॉक लावून, म्हणजे आहे तिथेच अडकवून, मोकळे होतात. रंग येतो, पण नंतर आकडा बदलायला जाल तर काहीतरी अडतं. तसंच कॉपी करायच्या स्केचमध्ये प्लेटची कड एक्स्टर्नल जॉमेट्री (स्केचबाहेरून उसनी घेतलेली रेष) म्हणून घेऊ नका, दुसऱ्या फाईलीत ती कडच नसते. स्केच प्लेटच्या फेसवर (पृष्ठभागावर) न ठेवता बेस प्लेनवर (फाईलीतल्या मूळ पातळीवर) ठेवा, उंची लागली तर ऑफसेट द्या. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत फेसांच्या नावांचा घोळ (मॉडेल बदललं की नावं बदलून स्केच भलत्याच फेसवर जाणं) बराच कमी झालाय, तरी मी बेस प्लेनच धरतो.

आता खरं महत्त्वाचं. मध्य म्हणजे कुठला मध्य हे आधी ठरवा. रुंदीत प्रश्न नाही, शाफ्ट चारही भोकांच्या बरोबर मधून जातो. पण लांबीत, म्हणजे शाफ्टच्या दिशेने, तसं नाही, ९० फ्रेममध्ये शाफ्टच्या खांद्यापासून पुढच्या भोकांपर्यंत ५६ आणि ९०एस असो की ९०एल, ते ५६ च. तुमच्या मशीनला पट्टा आहे, म्हणजे पुली एका रेषेत यायला हवी. लांबीचा मध्य ओरिजिनवर धरला तर ९०एस च्या जागी ९०एल टाकताच पुढची भोकं साडेबारा मिलिमीटर पुढे जातात आणि पट्टा तिरका चालतो. म्हणून पट्ट्याच्या कामात पुढच्या दोन भोकांची रेष ओरिजिनवर ठेवा, सिमेट्रिक फक्त रुंदीत, म्हणजे पुढच्या दोन कोपऱ्यांना ओरिजिनशी, आणि लांबीचं माप मागे वाढू द्या. तुमच्या फाईलीत मी हेच आधी बदललं असतं.

कटिंगला पाठवायच्या आधी एक कोपरा माउसने धरून ओढा. हलला तर कुठेतरी मोकळं राहिलंय. मग रुंदी मुद्दाम ५०० करा, परत आणा, दोन्ही कडा मोजा. दोन मिनिटं लागतात.

प्रश्न: पॉलिटेक्निकला आहे, धुळे. आयत दोन्ही अक्षांभोवती सिमेट्रिक केला तर फ्रीकॅड रिडंडंट (जादाची अट) दाखवतं, का?

उत्तर: कारण बाजू आधीच आडवी आहे. तिची दोन टोकं उभ्या अक्षाभोवती सिमेट्रिक केली की ती आपोआप आडवीच होते, तेच दोनदा सांगितलं जातं. आडवी-उभीची खूण काढा किंवा कर्णाची टोकं ओरिजिनभोवती घ्या. मी दुसरं करतो, कमी खुणा लागतात.