विचारा बाईंना : रिमोट कुणाच्या हातात?

(बाई जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झाल्या. आता विट्याला असतात आणि पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आदरणीय बाई, माझा मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. मी पतसंस्थेत नोकरी करते, घरी पोचायला साडेसहा वाजतात. तोवर तो आजीजवळ असतो. सासूबाईंच्या मालिका सातला सुरू होतात त्या साडेनऊपर्यंत चालतात, आणि हा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं बघतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलीबरोबर खेळताना त्यानं भातुकलीतल्या दुधात 'विष' कालवलं आणि म्हणाला, "आता ही या घरातून कायमची जाणार." मला घामच फुटला. मागे शिनचॅनचं कार्टून बघून माझ्याशी हिंदीतून उलट बोलायला लागला होता, ते मी बंद केलं. पण मालिकांचं काय करू? सासूबाईंना काही म्हणायला गेलं की, "आमची नाही का वाढली मुलं?" मिस्टर म्हणतात, "लहान आहे, त्याला काय कळतंय!" ते स्वतः जेवताना टीव्ही लावतात, पण त्या बातम्याच असतात. सकाळी तेवढं मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ लावून द्यावे लागतात, नाहीतर दूध पीत नाही. सरकार असल्या मालिका बंद का करत नाही? आणि मुलांनी काय बघावं याची जबाबदारी आईचीच का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : माझी लेक तुझ्याच वयाची, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

विष कालवलं ते भातुकलीच्या दुधात, तेव्हा आधी जरा हुश्श कर. मुलगा बिघडलेला नाही. जे पोटात गेलं ते त्यानं खेळात बाहेर काढलं, आणि तेही तुझ्या डोळ्यांसमोर. मी असते तर ओरडले नसते. जवळ बसून विचारलं असतं, "मग ती दूध प्यायली का? तिच्या पोटात दुखलं का? तिला दवाखान्यात कोणी नेलं?" मालिकेत विष म्हणजे कटकारस्थान असतं, पोटदुखी नसते. ती पोटदुखी त्याला कुणीतरी सांगायला हवी.

"त्याला काय कळतंय" हे तुझ्या मिस्टरांनी उद्गार म्हणून म्हटलं. मी तोच प्रश्न म्हणून वर्गात विचारत आले. काय कळतंय? एकदा पहिलीतली एक मुलगी तावातावानं सांगत होती, "बाई, त्या सासूनं सुनेला तीन वेळा मारलं." मी मुद्दाम तो भाग बघितला. थोबाडीत एकच होती. ती डावीकडून, उजवीकडून आणि वरून अशी तीनदा दाखवली होती, प्रत्येक वेळी ढाणकन आवाज काढून. आपण त्याला एक थोबाडीत म्हणतो, मुलीनं तीन मोजल्या. आणि दुसरा एक जण मला विचारत होता, "बाई, ती बाई मागच्या आठवड्यात जळून मेली ना? मग काल साबणाच्या जाहिरातीत कशी?" वर्गात कुणी हसलं नाही, सगळ्यांनाच तो प्रश्न होता. सहा-सात वर्षांपर्यंत खरं कुठलं आणि नाटक कुठलं ही रेघ मुलांच्या मनात पुसटच असते. जाहिरात आपल्याला काही विकायला आली आहे, हेसुद्धा त्यांना उशिरा उमगतं.

तू म्हणशील, मालिकाच वाईट आहेत. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगते. १९८७ साली मी एका द्विशिक्षकी शाळेत होते. गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीचा. रविवारी साडेनऊला रामायण लागायचं आणि पोरं पहिल्या रांगेत मांडी घालून बसायची. सोमवारी शाळेत मी चौदा धनुष्यं जप्त केली. निरगुडीचा फोक वाकवून सुतळी बांधलेली, आणि बाण तुराटीचे, टोकं दगडावर घासून काढलेली. का जप्त केली? दुसरीतल्या एकाच्या डोळ्याखाली, दोन बोटांवर, बाण लागला होता म्हणून. मुख्याध्यापक गुरुजी मला म्हणाले, "बाई, रामायण बघून कधी मुलं बिघडतात का?" खरंच होतं त्यांचं. पोरं बिघडली नव्हतीच. पण पडद्यावरचे बाण एकमेकांना हवेतच भिडायचे आणि विझून जायचे. तुराटीचा बाण विझत नाही, हे त्या पहिल्या रांगेला मागच्या रांगेतल्या एकाही मोठ्या माणसानं सांगितलं नव्हतं. मी पण मागच्याच रांगेत हात जोडून बसले होते.

पुढे १९९७ साली शक्तिमान आला, तेव्हा पोरं गोल गोल फिरून भोवळ येऊन पडायची. त्या मालिकेच्या शेवटी शक्तिमान स्वतः येऊन मुलांना चार गोष्टी समजावून सांगायचा. मला ते आवडायचं. पण जाहिराती सुरू झाल्या की मुलं पाणी प्यायला उठायची, आणि ते समजावणं मोकळ्या सतरंजीला ऐकायला जायचं.

आता सरकारचं. तुझा शिनचॅनच घे. तो जपानमध्ये १९९० साली मोठ्या माणसांच्या मासिकात चित्रकथा म्हणून आला, हे आपल्याकडे किती आयांना माहीत आहे? आपल्याकडे २००८ मध्ये त्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी काटछाट करून तो परत सुरू झाला, आणि आता तर मोबाईलवर हवा तेव्हा सापडतो. म्हणजे बंदीचा प्रयोग करून झालाय. कायदाही आहे. केबलचा कायदा १९९५ चा. त्याच्या नियमांत लिहिलंय की ज्या वेळी सर्वांत जास्त मुलं टीव्हीसमोर असतात, त्या वेळी त्यांना न शोभणारे कार्यक्रम दाखवू नयेत. वाहिन्यांनी स्वतःची एक तक्रार परिषदही २०११ पासून नेमली आहे. तक्रार जरूर कर, मी स्वतः दोनदा केली आहे. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तुझा मुलगा दुसरीत गेलेला असेल, आणि मालिका रोज सातलाच लागणार. मोबाईलवरच्या मालिका-सिनेमांना २०२१ च्या नियमांनुसार ७+, १३+, १६+ असे वयाचे शिक्के असतात आणि १३+ आणि त्यापुढच्या शिक्क्यांच्या कार्यक्रमांना कुलूप घालायची सोय द्यावीच लागते. सेट-टॉप बॉक्समध्येही कुलूप असतं. ते घाल. फक्त आकडा म्हणून त्याची जन्मतारीख ठेवू नकोस, वाढदिवसामुळे ती त्याला पाठ असते.

जबाबदारी आईचीच का, असं विचारलंस. नाही. ज्या वेळी ज्याच्या हातात रिमोट, त्या वेळी त्याची. आता याच हिशेबानं तुझं पत्र पुन्हा वाच. मी दोनदा वाचलं. निम्मं पत्र सासूबाईंवर आहे. मिस्टरांच्या बातम्यांवर एक वाक्य, त्यातही "पण त्या बातम्याच असतात" अशी माफी. आणि सकाळच्या मोबाईलवर "तेवढं लावून द्यावे लागतात". तेव्हा रिमोट कोणाच्या हातात होता गं?

मला विचारशील तर मालिकेपेक्षा मला मिस्टरांच्या बातम्यांची जास्त धास्ती वाटते. अपघाताचं तेच दृश्य, त्यावर लाल वर्तुळ, पुन्हा पुन्हा, आणि समोर वरणभाताचं ताट. मालिकेतली मेलेली बाई निदान साबणाच्या जाहिरातीत परत येते. बातमीतलं माणूस परत येत नाही, आणि मुलाला आज ना उद्या ते समजतं. मग तो रात्री लाईट चालू ठेवा म्हणतो आणि कारण सांगत नाही. बातम्या नऊनंतर, मूल झोपल्यावर बघा म्हणावं. देश तासाभरानं कुठे पळून जात नाही.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. माझी लेक सात वर्षांची असताना रात्री भुतांची एक मालिका लागायची. मी पेपर तपासत बसायचे, ती गोधडीत झोपलेली. म्हणजे मला वाटायचं झोपली आहे. आमचा संडास परसात होता. सहा महिने ती मला हात धरून नेल्याशिवाय जाईना. मी चिडायचे, एकदा तर पाठीत धपाटाही घातला. कॉलेजात गेल्यावर तिनं सांगितलं, गोधडीला एक भोक होतं.

सासूबाईंच्या मालिका मात्र तोडू नकोस. गुडघे धरलेल्या बाईला दिवसभर एक पोर सांभाळून संध्याकाळी स्वतःचं म्हणून तेवढंच असतं. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात, त्या वेळी मुलगा शाळेत असतो. तो त्यांना लावून द्यायची सवय कर. जी त्यांच्या सगळ्यांत जिवाची असेल ती एक रात्री राहू दे, आणि ती तुम्ही सगळ्यांनी एकत्र बघा. काही वेडंवाकडं आलं की आजीनंच म्हणायचं, "बघ कशी खोटं बोलतेय!" आजीचा शेरा फार कामाचा असतो, पोरं तो विसरत नाहीत. आणि हे सगळं सासूबाईंशी बोलायचं ते तुझ्या मिस्टरांनी. त्यांची आई आहे. तुझ्या तोंडून आलं की तो सासू-सुनेचा भाग होईल, आणि तो तर त्या रोज बघतातच.

"आमची नाही का वाढली मुलं" यावर एवढंच सांग की त्यांच्या काळी टीव्ही आपणहून बंद व्हायचा. रात्री ठरल्या वेळी कार्यक्रम संपायचे, मग पडद्यावर मुंग्याच.

आता थोडा हिशेब. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलंय की पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा. यात टीव्ही, मोबाईल, सगळं आलं. तुझ्याकडे नुसत्या मालिकांचेच अडीच होतात.

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ मध्ये गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की सुरू. दीड तास पोरांच्या अभ्यासाचा आणि माणसांनी माणसांशी बोलायचा. तुझ्या घरी भोंगा वाजवायला सरपंच येणार नाहीत. पण कुकरची शिट्टी आहे ना? आमच्या लेकीकडे पहिली शिट्टी झाली की टीव्ही बंद, असा नियम आहे. नातू स्वतःच ओरडतो, "शिट्टी झाली!" मग त्याला मटार सोलायला बसवतात. निम्मे तो खातो. चालायचंच. पहिले आठ दिवस तुझा मुलगा भोकाड पसरेल, शेजारी दार उघडून बघतील. बघू देत.

आणि सकाळचं दूध. उद्या मोबाईल न लावता पेला समोर ठेव आणि तू स्वतः चहा घेऊन शेजारी बस. नाही प्यायला तर डब्यात दही-पोळी दे. दूध न प्यायल्यानं कुणी पहिलीत नापास झालेलं मी ३४ वर्षांत पाहिलेलं नाही.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. माझ्या अभ्यासासाठी आमच्याकडे जूनपासून केबल काढून टाकली आहे. पण आई-बाबा रात्री खोलीचं दार लावून मोबाईलवर मालिका बघतात. मला भिंतीतून आवाज येतो. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : नाही. हे पान दुमडून अंक जेवणाच्या टेबलावर ठेव. आणि बीजगणिताची वही काढ.