चार फुटी टँक, तळाला वाळू: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्मी तरी वाळूबद्दलच आहेत, त्यामुळे बाकीचे विषय बाजूला ठेवून आज फक्त मोठा गोड्या पाण्याचा माशांचा टँक आणि त्यातली वाळू एवढंच घेतेय.

प्रश्न (कोथरूड): ताई, आमच्याकडे दोन फुटी टँक होता, खाली रंगीत खडे. आता हॉलमध्ये ४ बाय दीड बाय २ फुटांचा करायचाय आणि तळाला वाळू हवीये, पण दुकानदार म्हणतो की वाळूने पाणी कायम गढूळ राहतं, खाली गॅस धरतो, मासे मरतात, खडेच घ्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. वाळू घालावी का, कुठली आणि किती?

घाला, नक्की घाला. पण वाळूच्या आधी वजनाचं बोलूया, कारण तिसरा मजला म्हणालात. तुमच्या मापाचा टँक काठोकाठ भरला तर जवळजवळ ३४० लिटर होतात, आपण वर थोडी जागा सोडतो म्हणून पाणी ३०० लिटरच्या आसपास धरा, म्हणजे तेवढेच किलो. १२ मिमी काच साधारण ७५ किलो, वाळू चाळीसेक किलो, वर स्टँड आणि दगड. सगळं मिळून साडेचारशे किलो सहज होतं आणि तेही फक्त सहा चौरस फुटांवर. घराच्या स्लॅबसाठी आपल्याकडच्या आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला असतो. हा आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे चांगल्या आरसीसी बिल्डिंगमध्ये बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवलेला एक टँक सहसा चालून जातो, पण हॉलच्या मधोमध नको आणि बाल्कनीत तर अजिबात नको, कारण ती बाहेर काढलेली असते. खाली बीम कुठून जातो हे सोसायटीच्या ड्रॉइंगमध्ये दिसतं, ते एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, एवढा खर्च करताय तर तेवढं कराच. पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी तुळयांचा मजला असेल तर टँक तळमजल्यावरच ठेवायचा, त्यात दुसरा विचार नाही. स्टँड ठेवला की स्पिरिट लेव्हल लावून बघा आणि टँकच्या खाली फोम शीट घाला (टँकला खालून फ्रेम असेल तर टँक बनवणाऱ्याला आधी विचारा).

आता वाळू. पुण्यात बांधकामाच्या साईटवर हल्ली जी दिसते ती बहुतेक क्रश सँड असते, म्हणजे आपला काळा दगड क्रशरमध्ये फोडून केलेली. तिचे कण टोकेरी असतात आणि बारीक भुकटी इतकी की धुता धुता दिवस जातो. कोरी किंवा लोच असे मासे तोंडाजवळच्या मिशांनी तळ चाचपत खातात, त्या मिशा अशा वाळूवर झिजतात आणि मग जखमा होऊन सडतात. त्यामुळे ती नकोच. नदीची वाळू गोल कणांची असते, चालते, पण तिच्यात माती आणि कचरा असतो, चाळून भरपूर धुवावी लागते. कोकणात गेलात तर किनाऱ्यावरून पिशवी भरून आणू नका, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतो आणि पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, वर नेतो.

मला विचाराल तर सिलिका सँड घ्या, स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये घालतात तीच. १६/३० ग्रेड मागा, म्हणजे कण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडे मोठे ते एक-सव्वा मिलिमीटर असे येतात, खाली बसायला पुरेसे जड आणि माशांना तोंडात घेऊन चाळायला पुरेसे बारीक. पूलचं सामान विकणाऱ्यांकडे गोणीत मिळते आणि अॅक्वेरियमच्या दुकानातल्या छोट्या पाकिटांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. कुठलीही वाळू असो, घरी आणल्यावर वाटीत चमचाभर कोरडी वाळू घेऊन वर पांढरं व्हिनेगर ओता, बुडबुडे फसफसले तर चुना आहे, परत करा. किती लागेल, तर दोन इंच म्हणजे ५ सेंटीमीटर थराला तुमच्या टँकमध्ये २८ लिटर, वजनात चाळीस-बेचाळीस किलो, पंचवीसच्या दोन गोण्या आणा, थोडी उरेल ती ठेवून द्या.

पाणी गढूळ राहतं ते वाळू न धुतल्यामुळे. बादलीत एक चतुर्थांशच वाळू घ्यायची, पाईप तळापर्यंत खुपसून जोरात पाणी सोडायचं, हाताने ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, परत तेच, आणि पाणी नितळ दिसेपर्यंत थांबायचं नाही. कंटाळवाणं काम आहे पण हे एकदा नीट केलंत की पुढची कित्येक वर्षं त्रास नाही. हे पाणी बाथरूमच्या जाळीत ओतू नका हं, वाळू ट्रॅपमध्ये बसते आणि प्लंबर बोलवावा लागतो. गच्चीत किंवा अंगणात धुवा, पाणी झाडांना जाऊ दे.

आणि तो गॅस. दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. वाळू फार जाड थराची असली, चार-पाच इंच, आणि कोणी हलवत नसलं तर खालच्या थराला ऑक्सिजन पोचत नाही, तिथे वेगळे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास असलेला. तो विषारी आहे हे खरं, पण ऑक्सिजन असलेल्या पाण्यात वर येताना त्याचं फार लवकर ऑक्सिडेशन होतं, त्यामुळे दोन इंचाच्या थरातून उठलेल्या एखाद्या बुडबुड्याने टँक मरत नाही. थर दोन इंचांवर ठेवा, आठवड्यातून एकदा लाकडी काडीने किंवा बोटांनी हलकेच टोचा. ट्रम्पेट स्नेल नावाच्या शंखाकृती गोगलगायी सोडल्यात तर त्या दिवसभर वाळूत पुरून असतात आणि रात्री फिरतात, वाळू आपोआप मोकळी राहते. जास्त खाणं टाकलं तर त्या बेसुमार वाढतात, मग खाणं कमी करायचं.

भरताना क्रम महत्त्वाचा आहे. मोठे दगड आधी, थेट तळावर, खाली पातळ फोमचा तुकडा घालून, आणि मग त्यांच्याभोवती वाळू. वाळूवर दगड ठेवलात तर मासे खालून उकरतात, दगड कलतो, काच जाते. वाळूवर ताटली ठेवून त्यावर पाणी सोडा. पहिले एक-दोन दिवस थोडं धुरकट दिसेल, तोवर फिल्टर बंद ठेवा, नाहीतर वाळूचे कण आत जाऊन इम्पेलर, म्हणजे पाणी फिरवणारा पंखा, घासला जातो. तळातल्या जाळीच्या प्लेटचा फिल्टर वाळूखाली चालत नाही, तुंबतो. कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर घ्या, तासाला हजार-बाराशे लिटरचा, त्याचा आत ओढणारा पाईप वाळूपासून चार इंच तरी वर ठेवा आणि त्याच्या तोंडावर स्पंज लावा.

प्रश्न (सिंहगड रोड): वाळू घातली पण सायफन लावला की घाणीबरोबर वाळूच बादलीत येते. आणि गुरुवारी पाणी बंद, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी, मग पाणी कधी बदलायचं?

खड्यांत सायफन खुपसायची सवय असते, वाळूत तसं करायचंच नाही. घाण वाळूच्या आत शिरत नाही, वरच बसते, आणि हाच तर वाळूचा सगळ्यात मोठा फायदा आहे. पाईपचं तोंड वाळूपासून इंचभर वर धरून हाताने गोल गोल फिरवा, हलकी घाण उठते ती ओढली जाते आणि वाळू जड असल्यामुळे खाली बसते. वाळू वर यायला लागली असं दिसलं की पाईप क्षणभर दाबायचा. बादलीत आलेली थोडी वाळू धुऊन परत टाका.

पाण्याचं म्हणाल तर गुरुवारी बंद आणि शुक्रवारी सकाळी कमी दाबाने हे पुणेकरांना माहितीच आहे, म्हणून बदल शनिवार-रविवारी ठेवा, पाव टँक, म्हणजे वरच्या चार फुटी टँकच्या मापाने सत्तर-ऐंशी लिटर. एक मोठा ड्रम कायम भरलेला ठेवलात तर फार बरं, कारण कधी इमर्जन्सी आली तर नेमकं पाणी नसतं. खडकवासला साखळीतलं पाणी पावसाळ्यात गढूळ येतं तेव्हा ते ड्रममध्ये एक दिवस बसू द्या, वरचं नितळ पाणी वापरा. गढूळपणाच्या दिवसांत क्लोरीनचा वासही नळाला जास्त जाणवतो, त्यामुळे अँटी क्लोरीनचा डोस विसरू नका. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात.

प्रश्न (वाकड): आमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी येतं, खूप जड आहे. वाळूच्या टँकमध्ये कुठले मासे ठेवू? सॉफ्टनरचं पाणी चालेल का?

सॉफ्टनरचं नको. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो, पाणी भांड्यांना सौम्य होतं पण माशांच्या दृष्टीने काही सुधारत नाही. आधी जीएच (एकूण जडपणा), केएच (कार्बोनेटचा जडपणा) आणि पीएच मोजा. जड पाण्याशी भांडण्यापेक्षा त्या पाण्याचे मासे निवडा. मॉली, प्लॅटी, गप्पी जड पाण्यात छान राहतात. आफ्रिकेतल्या मलावी तलावाचे सिक्लिड तर वाळू आणि दगडांमध्येच वाढलेले, वाळू तोंडात भरतात, बाजूला थुंकतात, खड्डे करतात, बघत बसावं असं. पण ते भांडकुदळ असतात, त्यांच्याबरोबर मॉली ठेवू नका.

नळाचं मऊ पाणी ज्यांच्याकडे आहे त्यांना मी कोरी सांगेन, सहा-आठच्या घोळक्याने. खड्यांवर ठेवलेली कोरी आणि वाळूवरची कोरी हे वेगळेच मासे वाटतात. वाळूवर ती डोळ्यांपर्यंत तोंड खुपसते आणि कल्ल्यांतून वाळू सोडते, खड्यांवर बिचारीला हे करताच येत नाही, म्हणून मी इतकं वाळू वाळू करते. कुहली लोच पूर्ण पुरून घेते. गोल्डफिशलासुद्धा वाळू बरी, खडा त्याच्या घशात अडकू शकतो. एक विनंती, झेब्रा लोच मागताना दहादा विचार करा. ती आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातली आहे, निसर्गात धोक्यात आलीये, आणि विक्रीला येते ती नदीतून पकडलेली असू शकते. ब्रीड केलेली आहे याची खात्री नसेल तर घेऊ नका.

प्रश्न (नारायण पेठ): टँक लावून महिना झाला, पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर आलाय आणि दोन मासे मेले. वाळू खराब आहे का? काढून टाकू?

वाळू काढू नका. तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा आहे, नव्या टँकमध्ये हमखास येतो, बोटाने पुसला की जातो आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप कमी होतो. लाईट दिवसाला सहा-सात तासांवर आणा.

मासे मेले त्याचं कारण मला वेगळं वाटतं. टँक लावून किती दिवसांनी मासे सोडले ते तुम्ही लिहिलेलं नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि हे जिवाणू फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, नायट्रेट बरंच कमी. म्हणून टँक आधी माशांशिवाय चालवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं म्हणजे अमोनिया होईल, आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरच मासे सोडायचे, तेही थोडे थोडे करून. ओळखीच्या कोणाचा निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला थोडा स्पंज मागून आणा, वेळ खूप वाचतो. आत्ता टेस्ट करा, काही दिसलं तर रोज पाव पाणी बदला आणि खाणं एक दिवसाआड द्या. थंडीत पुण्यात रात्री पारा दहाच्या खाली जातो, ट्रॉपिकल मासे असतील तर लिटरला एक वॅट या हिशोबाने हीटर हवाच.

प्रश्न (धायरी): जुन्या टँकमधला सकर फूटभर झालाय, वाळू उकरून सगळी रोपं उपटतो. खडकवासल्यात सोडला तर जगेल ना?

जगेल, आणि म्हणूनच सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, अंगावर हाडाच्या तकट्या, आपल्याकडे त्याला खाणारं फारसं कोणी नाही. लोकांनी हौसेने पाळून नंतर सोडलेल्या अशा माशांची पैदास भारतातल्या कितीतरी नद्यांत झालीये. उजनीत मच्छीमार त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणतात, तो जाळ्यात अडकून जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी घेत नाही. आणि पुण्याचं मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीलाच जातं. खडकवासला, पाषाण, कात्रज, कॅनॉल, कुठेच नाही, अगदी गणपती विसर्जनाच्या हौदातही नाही.

ज्यांच्याकडून घेतला त्यांना परत घ्याल का विचारा, नाही म्हणाले तर सहा फुटी टँक असलेले हौशी लोक शोधा, पुण्यात आहेत. तोवर रोपांचं असं करा, अनुबियास आणि जावा फर्न दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा, त्यांची मुळं वाळूत पुरायची नसतातच. व्हॅलिसनेरिया मात्र वाळूत लावावी लागते, ती छोट्या मातीच्या कुंडीत लावून कुंडी वाळूत अर्धी पुरा, कडेने गोटे लावा. वाळूत खत नसतं, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी मुळाशी एक रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खुपसा. सकरला टँकमध्ये लाकडाचा ओंडका हवा, तो ते खरवडतो. रात्री टँकचा लाईट बंद केल्यावर काकडीचा किंवा दुधीचा काप काट्याला टोचून तळाशी ठेवा आणि उरलेला सकाळी काढून टाका. पोट भरलेलं असलं की रोपांकडे जरा कमी जातो.