‘डोळे बाबांचे वाटत नाहीत’ आणि इतर प्रश्न

डिजिटल व्यक्तिचित्रं काढणाऱ्यांचा सगळ्यांत मोठा घोळ डोळ्यांपाशी होतो. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या वर्गात जे दर आठवड्याला सांगते, तेच पत्रांतूनही विचारलं जातं. म्हणून या वेळी फक्त डोळे.

चेहऱ्यावर डोळे नेमके किती उंचीवर घ्यायचे? (मानेवाडा)

टाळू ते हनुवटी या अंतराच्या मध्यावर. केस जिथे सुरू होतात तिथून मोजू नका.

डोळ्यातला पांढरा भाग पांढराच ठेवायचा ना? (इंदोरा)

नाही. तो करडा असतो, किंचित गुलाबी-पिवळसर. वरच्या पापणीखाली त्यावर सावली पडते आणि दोन्ही कोपऱ्यांकडे तो काळवंडत जातो. स्वच्छ पांढरा रंग फक्त चमकेच्या ठिपक्यासाठी राखून ठेवा.

‘खऱ्यासारखे डोळे’ काढायच्या ब्रशचा संच ४९९ रुपयांना मिळतोय, सवलत आज रात्रीपर्यंतच आहे. मित्र म्हणतो त्याशिवाय बुबुळ जमत नाही. घेऊ का? (प्रतापनगर)

घेऊ नका. ‘आज रात्रीपर्यंत’ची ही सवलत पुढच्या आठवड्यातही असेल. क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातल्या साध्या गोल ब्रशने पूर्ण डोळा होतो. मित्राला त्याचं काम लेयरसह (म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर सुटे सुटे) उघडून दाखवायला सांगा, मग ब्रशचं ठरवा.

मॅडम, बाबांचं चित्र काढून राहिलो. पुढच्या रविवारी वर्षश्राद्ध आहे. नाक, ओठ, मिशी सगळं जमलं, पण आई म्हणते डोळे त्यांचे वाटत नाहीत. पासपोर्ट फोटोत डोळे धूसर होते, म्हणून इंटरनेटवरून एक स्पष्ट डोळा घेतला आणि बुबुळातली एकेक रेघ काढली. तरी काऊन असं होते? (महाल)

आईचं बरोबर आहे. ते डोळे दुसऱ्याचेच आहेत.

हे पत्र मला वेगवेगळ्या घरांतून येतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण मेहनत खरी असते, फक्त चुकीच्या जागी झालेली असते. आपल्याकडची बहुतेक बुबुळं गडद तपकिरी. हातभर अंतरावरून त्यातल्या रेघा दिसतच नाहीत. इंटरनेटवर जे रेघारेघांचे डोळे सापडतात, ते बहुधा फिक्या रंगाचे आणि अगदी जवळून टिपलेले. ते वडिलांच्या चेहऱ्यावर बसवले की डोळे काचेचे दिसतात.

बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत तुम्ही वडिलांना लांबून ओळखत होता, ते पापण्यांमुळे. वरची पापणी बुबुळ किती झाकते, घडी कुठून सुरू होते, बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा वर आहे की खाली, कोणती पापणी जास्त उतरलेली आहे, यात माणूस असतो. बुबुळाचा आकार तर मोठ्या माणसांत जवळपास सारखाच, साधारण १२ मिलिमीटर. उघड्या डोळ्याची रुंदी ३० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे बुबुळ पाचात दोन भाग. तुम्ही पाठवलेल्या चित्रात ते निम्म्याहून मोठं आहे, आणि डावा डोळा ही उजव्याचीच उलटवलेली प्रत आहे. कुणाचेही दोन्ही डोळे तंतोतंत सारखे नसतात. ती प्रत आजच पुसा.

आता एक संत्रं घ्या, आपल्याकडचं सैल सालीचं. सालीला डोळ्याच्या आकाराची चीर द्या आणि चीर हलकेच उघडा. आत फोडींचा गोळा आहे, वर साल आहे, आणि सालीला जाडी आहे. चिरेच्या कडेला जी पांढरट पट्टी दिसते ना, तशीच ओलसर पट्टी खालच्या पापणीला असते. पापणीचे केस त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेवरून निघतात. तुम्ही ते थेट डोळ्याच्या गोळ्यावर लावलेत, म्हणून डोळा सपाट झाला. संत्रं खिडकीजवळ धरून फिरवा, वरच्या कडेची सावली गोळ्यावर कशी वाकते ते बघा, आणि मग पेन हातात घ्या.

उजेडाचंही तेच. पासपोर्ट फोटोत स्टुडिओचे दोन दिवे असतील, तर प्रत्येक डोळ्यात दोन चमका येतात. मे महिन्यातल्या दुपारी अंगणात काढलेल्या फोटोत भुवईची सावली पडते आणि कधी चमक दिसतच नाही. फोटोत जे आहे तेच काढा. चमकेच्या समोरच्या बाजूला बुबुळ जरा उजळतं, तेवढं केलं की डोळा जिवंत होतो. वयस्कर माणसाच्या बुबुळाभोवती पुष्कळदा राखाडी कडं असतं. वडिलांना असेल तर ते ‘सुंदर’ करायला पुसू नका. आई तेच शोधत असेल.

घरातले तीन-चार जुने फोटो काढा, आईशेजारी बसा आणि विचारा, “त्यांची कोणती पापणी जास्त खाली असायची?” हे कच्च्या रेखाटनाच्या वेळीच विचारायला हवं होतं. आठवडा उरल्यावर दाखवलं की दुरुस्ती घाईत होते. लेयर असलेली मूळ फाईल आणि मूळ फोटो घेऊन मला भेटा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्क्रीनशॉट नको, त्यात कडा मरतात. रविवारपर्यंत जमलं नाही, तर त्या दिवशी फोटोला हार घाला. चित्र नंतर द्या.

पडद्यावर डोळे छान दिसतात, छापल्यावर काळे डाग होतात. (हिंगणा रोड)

पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. बुबुळ आणि बाहुली यांच्या छटांत फरक कमी असेल तर छापताना त्या एक होतात. बुबुळ थोडं उजळ करा. ए-४ साठी ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. पूर्ण छपाईआधी फक्त डोळ्यांची पट्टी त्याच कागदावर, त्याच मापात काढून घ्या आणि रंगांची सेटिंग छापणाऱ्याशी बोलून ठरवा.

मोबाईलवर बोटाने डोळे जमतील का? (महाल, इयत्ता नववी)

सरावाला चालेल. आधी कागदावर आईचे डोळे काढ आणि शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना दाखव.

रोज आठ तास टॅबलेटवर काम करते. तीन महिन्यांपासून डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. मैत्रिणीचे थेंब घालून बघू का? (जरीपटका)

अजिबात नाही. तीन महिने थांबलात हेच फार झालं. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. डॉक्टरांना न विचारता ते घातलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यात समोर कूलरची कोरडी हवा असेल तर डोळे आणखी सुकतात. कूलरचं तोंड वळवा, दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. पण हे सगळं नेत्रतज्ज्ञांकडे जाईपर्यंतचं. याच आठवड्यात जा. चष्म्याचा नंबर तपासून झाला की कळवा, टेबलाची उंची आणि पडद्याचा उजेड मग बघू.