शंका-समाधान : माडाच्या शेंड्यात काय चाललंय?

प्रश्न : चार वर्षांच्या बाणवली जातीच्या माडाची प्रत्येक नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी निघते. दोनदा फवारणी केली, फरक नाही. (देवगड)

हा गेंड्या भुंगा. झावळी सुईत (शेंड्याच्या मधल्या, न उमललेल्या कोवळ्या पानात) घट्ट मिटलेली असतानाच तो ती पोखरतो, म्हणून उमलल्यावर दोन्ही बाजूंना त्रिकोणी काप दिसतात. ते दिसेपर्यंत भुंगा खाऊन केव्हाच मोकळा झालेला असतो, त्यामुळे पानांवरची फवारणी वायाच जायची. सुईच्या बुडाशी भोक आणि तोंडाशी ओला, चघळलेला चोथा दिसला, तर तो अजून आत आहे. टोकाला आकडा केलेली तार घालून त्याला ओढून काढा. मग आतल्या तीन बेचक्यांत (झावळी खोडाला मिळते त्या खाचांत) 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. लहान रोपाला 3-4 डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकली तरी चालतं. त्या 45 दिवसांनी बदला.

एवढ्यावर थांबलात तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. भुंगा तयार होतो बहुधा तुमच्याच शेणखताच्या खड्ड्यात किंवा कुजत पडलेल्या माडाच्या खोडात. खड्डा उकरा, बोटाएवढ्या जाड, अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतील. कोंबड्या सोडा, त्या चट करतात. उरलेल्या खतात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा. खत ओलसर हवं, कोरड्यात ती वाढत नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या माडाच्या बुंध्यातून तपकिरी रस गळतो आणि मधल्या झावळ्या पिवळ्या पडल्या आहेत. खतं कमी पडली का? (गुहागर)

खत नंतर बघू. आधी खोडाला कान लावा, शक्यतो सकाळी, आजूबाजूला शांत असताना. आत करकर आवाज येत असेल आणि भोकातून चावलेले तंतू बाहेर लोंबत असतील, तर सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड खात आहेत. आवाज नाही, तंतू नाहीत, नुसता तांबूस डाग खाली ओघळतोय, तर तो खोड पाझरण्याचा बुरशीजन्य रोग. त्यावर डाग खरवडून ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पेस्ट (50 ग्रॅम पावडर, 25 मिली पाणी) लावतात.

सोंड्या असेल तर तयार नारळ आणि शहाळी आधी उतरवून घ्या. सगळ्यात वरचं भोक सोडून बाकीची मातीने किंवा सिमेंटने लिंपा. इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल (पाण्यात विरघळणारं कीटकनाशक), लिटरला 1 मिली, असं लिटरभर द्रावण वरच्या भोकातून नरसाळ्याने सोडा आणि तेही बंद करा. हातमोजे घाला. आठवड्याने पुन्हा कान लावा. आवाज असेल तर परत द्या. सुई वाळून कलली असेल तर मात्र पैसे घालवू नका. माडाला कोंब एकच, तो गेला की झाड गेलं. तोडून, चिरून, अळ्या-कोषांसकट जाळून टाका, नाहीतर त्यातून निघालेले भुंगे शेजारच्या माडांवर बसतील.

सोंड्या जखमेच्या वासावर येतो. म्हणून खोडाला पायऱ्यांसाठी खाचा पाडू नका, हिरवी झावळी तोडायचीच झाली तर सुमारे 4 फूट देठ ठेवून तोडा आणि गेंड्या भुंग्याने केलेली भोकंही बुजवा. गंध सापळा (भुंग्यांना वासाने ओढणारा) लावणार असाल तर तरुण माडांपासून लांब, बागेच्या कडेला. मधोमध लावलात तर पाहुणे तुम्हीच बोलावले.

जुन्या माहितीपत्रकांत कार्बारिल, फोरेट, मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकांची नावं असतात. पहिल्यावर 2018 मध्ये, दुसऱ्यावर 2020 अखेर बंदी आली आणि मोनोक्रोटोफॉस 36 एसएलवर 2023 मध्ये. दुकानदार मागच्या रॅकवरून काढून देत असेल तरी घेऊ नका.

प्रश्न : भर पावसात सुई पिवळी पडली, ओढली तर हातातच आली, घाण वास होता. (सावंतवाडी)

कोंब कुजणे. चोथा नाही, नुसता चिखल झालेला गर, ही खूण. कुजका भाग धारदार कोयत्याने पांढरा, निरोगी गर दिसेपर्यंत काढा. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात कालवून एकत्र करा. ही 10 टक्के बोर्डो पेस्ट लावून शेंड्यावर मडकं उपडं घाला किंवा प्लास्टिक बांधा, म्हणजे पाणी साचणार नाही. नवी सुई दिसली की मडकं किंवा प्लास्टिक काढा. शेजारच्या माडांवर 1 टक्का बोर्डो फवारा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : नारळ लहान राहतात, सालीवर तपकिरी भेगा पडतात. (अलिबाग)

इरिओफाईड कोळी, म्हणजे एक सूक्ष्म कीड. कोवळ्या फळाच्या टोपीखाली पांढुरका त्रिकोणी डाग दिसतो, तिथून सुरुवात. 1 टक्का अॅझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं कीडनाशक) 10 मिली आणि पाणी 10 मिली पिशवीत घ्या, पेन्सिलएवढं जिवंत मूळ तिरकं कापून त्यात बुडवून बांधा. वर्षातून तीनदा. पडलेली बोंडं गोळा करून जाळा. आधीच भेगाळलेले नारळ सुधारणार नाहीत. फरक बघायचा तो नव्या घडात.