दिवेलागणीचा परवचा

मुलांना वळण लावायचंय ना, मग आधी तुम्ही सतरंजीवर बसा. आमच्याकडे देवाजवळ दिवा लागला की सगळ्यांचे मोबाइल फ्रिजवरच्या टोपलीत जातात, बाबांचा सगळ्यात आधी. मग परवचा, म्हणजे सगळ्यांनी बसून पाढे वगैरे मोठ्याने म्हणायचे. पहिला महिनाभर 2 ते 10 चेच पाढे घ्या, 30 पर्यंत जायची घाई नको. पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, आजीकडून शिका. तिलाही फार बरं वाटतं. परवा मंडईत 30 रुपये किलोचे दीड किलो कांदे घेतले, तर भाजीवाल्याच्या आधी लेक म्हणाली, "तीस दीडे पंचेचाळीस!" पाहुणे आले, उशीर झाला, तर एकच पाढा म्हणा, पण बसा. आणि चुकलं म्हणून ओरडू नका. तिथेच मुलं उठून जातात.